‘भारत तरुणांचा देश, काळजी कसली?’ या फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: 65 टक्के भारतीय पस्तिशीच्या आतले आहेत, म्हातारपण हे जपानचं दुखणं, आपल्याकडं एकत्र कुटुंब आहेच, तरी उद्या माणसं कमी पडू नयेत म्हणून प्रत्येकानं आणखी एक मूल होऊ द्यावं.

65 टक्क्यांचा आकडा शिळा आहे, 2011च्या जनगणनेच्या वेळचा. केंद्राच्याच अंदाजानुसार महाराष्ट्रात साठीपुढचे लोक तेव्हा सुमारे 10 टक्के होते, 2036मध्ये ते 17 टक्के होतील. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, 1.7 निघाला. पिढीची जागा पिढीनं भरायला 2.1 लागतो.

एकत्र कुटुंबाचं म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यातल्या आजरा, चंदगडकडं बघा. रेशनकार्डावर पाच नावं, घरात दोन म्हातारी. पोरं पुण्या-मुंबईला नाहीतर गोव्यात. दोन म्हशी म्हणजे दोन वेळची धार, रोजची वैरण, शेणघाण आणि दूध संस्थेत वेळेत दूध घालणं. गुडघे गेले की आधी वैरण कमी पडते, मग दूध घटतं, शेवटी म्हैस विकली जाते. दर दहा दिवसांनी मिळणारं दुधाचं बिल बंद, आणि औषधांचा खर्च नेमका तेव्हाच सुरू झालेला. पोरगं पैसे पाठवतं. धार काढायला कोण येणार?

‘सरकार पेन्शन देतंय की’ असंही कुणीतरी खाली लिहितंच. श्रावणबाळ योजनेत महिना 1,500 रुपये मिळतात, पण वय 65 पूर्ण हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000च्या आत. (या उत्पन्नात घर चालतं कसं, हा वेगळा विषय.) दोन बँकांत खाती असली की आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे पडतात आणि आजोबा दुसऱ्याच पासबुकात एंट्री शोधत बसतात. विळा-खुरप्यानं झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, ते आणखी वेगळं.

राहिलं आणखी एक मूल. 2026मध्ये जन्मलेलं पोर 2046ला विशीत येणार. तोवर कमावत्याच्या पगारावर म्हातारी आणि पोर, दोन्ही. इचलकरंजीच्या यंत्रमागांना आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांना माणूस आज लागतो, आणि तो उत्तर प्रदेश, बिहारकडून येतो. त्याला खोली, रेशन आणि पोरांना शाळा मिळाली तर तो टिकेल. पण त्याच पाहणीत बिहारचा प्रजनन दरही आधीच्या 3.4वरून 3.0वर आला होता, तिकडून माणसं कायम येत राहतील, असं धरून चालू नये.