रोल भरलायस ना नीट?

आत्याच्या कपाटात अल्बमची उतरंड आहे. तिच्या लग्नाचा, मुलाच्या बारशाचा, गृहप्रवेशाचा, इतकंच काय, नणंदेच्या डोहाळजेवणाचासुद्धा. मुंजीचा मात्र नाही. घरात नवा पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत त्याच्या मांडीवर हे अल्बम येतात. तोही बिचारा पानं उलटून झाल्यावर भोळेपणानं विचारतो, "मुंज नव्हती केली का?" मग खोलीतले सगळे माझ्याकडे बघतात.

१९८९ चा मे महिना. मी चौदा वर्षांचा. "बाहेरचा फोटोग्राफर कशाला, घरातलाच मुलगा आहे की," असं म्हणून आत्यानं काकाचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. छत्तीस फोटोंचा रोल मीच भरला. रोलचं पुढचं टोक त्या पलीकडच्या दांडीच्या खाचेत घातलं, झाकण लावलं आणि मांडवभर छाती काढून हिंडलो. मातृभोजन झालं, मंगलाष्टकं झाली, भिक्षावळीत आत्याचे डोळे भरून आले, तेही टिपलं. संध्याकाळी आकडा छत्तीसवर पोचला. मग सदतीस. अडतीस. एक्केचाळीस! "पोरगं काटकसरी आहे," काका सगळ्यांना सांगत होता, "छत्तीसच्या रोलात एक्केचाळीस बसवले."

रोल धुवायला टाकला, तेव्हा स्टुडिओवाल्यानं माझ्याकडे ज्या मायेनं पाहिलं, तसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात. टोक खाचेतून सुटलं होतं. खटका ओढला की आकडा पुढे जात होता, रोल होता तिथेच होता. डाव्या बाजूची छोटी चावी प्रत्येक खटक्याबरोबर फिरायला हवी. ती फिरत नसेल तर समजायचं, आत काही हलत नाही. माझी चावी दिवसभर मारुतीच्या शेंदरी दगडासारखी जागची हलली नव्हती. हे ज्ञान मला त्या काउंटरवर फुकट मिळालं. सगळ्यांना पुन्हा सोवळी नेसवून फोटो काढू, असा आत्याचा प्रस्ताव होता, पण बटूनं साफ नकार दिला.

त्यानंतर पस्तीस वर्षं मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. सहलीत कुणी "जरा आमचा एक काढता का?" म्हणत फोन पुढे केला, की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो. चपला घातल्या असल्या तरी.

एकोणपन्नासाव्या वर्षी रक्तदाब वाढला आणि डॉक्टर म्हणाले, काहीतरी छंद लावून घ्या. पेटीला शेजाऱ्यांचा विरोध होता. बागेसाठी गॅलरी होती, पण तिथे वॉशिंग मशीन आहे. तेवढ्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा भाचा जर्मनीला निघाला आणि त्याचा कॅमेरा अर्ध्या किमतीत विकायला निघाला. "घ्या," बायको म्हणाली, "निदान घराबाहेर तरी पडाल." आणि मग आत जाता जाता, "ह्यात रोल नसतो ना?"

मी हिशेबनीस माणूस. पुस्तिका आणून पहिल्या पानापासून वाचायला बसलो आणि तिसऱ्या पानावर अडकलो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड येण्याचं भोक, इथवर ठीक. पण एफ २ ला भोक मोठं आणि एफ १६ ला लहान! हा काय उफराटा न्याय? दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी बॅलन्सशीट जुळवताना डोक्यात ट्यूब पेटली. अहो, तो अपूर्णांक आहे! लेन्सच्या फोकल लेंथचा, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरांचा, तितकावा भाग. पन्नास मिलिमीटरची लेन्स असेल तर एफ २ ला भोक पंचवीस मिलिमीटरचं आणि एफ १६ ला जेमतेम तीन. चौथीत बाईंनी भाकरी मोडून हेच दाखवलं होतं. तेव्हा माझं लक्ष भाकरीकडे होतं.

शटरचा, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा त्याचा, हिशेब मात्र सरळ निघाला. लेन्स पन्नासची असेल तर सेकंदाच्या निदान एकपन्नासांशात फोटो उरकायचा, दोनशेची असेल तर एकदोनशांशात, नाहीतर हाताचा कंप फोटोत उतरतो. डिजिटल कॅमेरा तर प्रत्येक फोटोबरोबर शटर किती होतं ते लिहूनही ठेवतो. मला आयुष्यात प्रथमच माझा आत्मविश्वास आकड्यांत मोजायला मिळाला. मी वही घातली. तुळशीवृंदावन : १/३०, स्वच्छ. सोसायटीचा वॉचमन : १/१२५, ठीक. रस्त्यावरचा अनोळखी माणूस : १/५००, तरीही हललेला. शेरा : कॅमेऱ्याचा दोष नाही, फोटो काढता काढता मी चालू लागलो होतो.

मला कॅमेऱ्याची भीती नव्हतीच. कॅमेरा डोळ्याला लावलेल्या मला लोक बघतील, याची होती. पुण्यात तर लोक नुसते बघत नाहीत, मतही देतात. रस्त्यात एकदा बसलेल्या मांजराचा फोटो घेत होतो, तर स्कूटर थांबवून एक गृहस्थ म्हणाले, "उजेड पाठीमागून येतोय तुमच्या मांजराच्या." बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला.

अखेर एका रविवारी मन घट्ट करून मंडई गाठली. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून सुरू झालेली ही महात्मा फुले मंडई. उंच छताची, अष्टकोनी. सकाळी आत तिरपं ऊन उतरतं आणि कोबीसुद्धा देखणा दिसतो. लसणाच्या पांढऱ्याशुभ्र ढिगामागे एक मावशी बसल्या होत्या. नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी खांबाआडून कॅमेरा उचलला.

"ओ साहेब! अतिक्रमणवाले का?"

आजूबाजूच्या चार गाळ्यांवरच्या टोपल्या झपकन आत सरकल्या.

"नाही हो मावशी. असंच. छंद म्हणून."

"काय म्हनून?"

"छंद."

मावशींनी पलीकडच्या मिरचीवालीला हाक मारली. "आक्के, ह्यांना छंद लागलाय गं!"

त्या हशात मी किलोभर लसूण घेतला. आक्कांकडून अर्धा किलो मिरची घेतली. बाहेर पडताना एका आजोबांच्या नजरेला नजर भिडली, म्हणून सुरण.

"फोटो किती काढले?" घरी बायकोनं विचारलं.

"तीन."

"आणि सुरण?"

"चार किलो."

तिनं सुरणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि संध्याकाळी मोबाइल घेऊन मला होमाई व्यारावालांची माहिती वाचून दाखवली. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे. पुढे दिल्लीत साडी नेसून, भलाथोरला कॅमेरा घेऊन पंतप्रधानांपुढे, व्हाइसरॉयपुढे उभ्या राहायच्या. गाडीचा नंबर डीएलडी १३, म्हणून लोक म्हणायचे 'डालडा १३'. २०११ मध्ये पद्मविभूषण. "आणि तुम्ही," बायको शांतपणे म्हणाली, "लसूणवालीला घाबरता."

पुढच्या रविवारी मी मावशींचा चार बाय सहाचा प्रिंट काढून नेला. मावशींनी हात पदराला पुसले, फोटो लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला.

"लसूण झाक आलाय," त्या म्हणाल्या. "मी काळी ठिक्कर."

खरंच होतं. हा कॅमेऱ्याचा जन्मजात समज आहे. सगळं जग करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. समोर पांढरा ढीग दिसला की त्याला वाटतं, अरे बापरे, फारच उजेड, आणि तो सगळंच अंधारून टाकतो. लसणाला करडं करताना मावशी काळ्या पडल्या. पांढरं समोर असेल तेव्हा आपणच हातानं उजेड वाढवून द्यायचा असतो, हे पुस्तिकेत पान ऐंशीवर होतं. मी तिथवर पोचलो नव्हतो, मावशी पोचल्या. एक पायरी उजेड चढवून पुन्हा फोटो घेतला. आता नथीतला मोतीसुद्धा मोजता येत होता. वहीत नोंद केली : अनोळखी व्यक्ती, १/२००, स्थिर. त्या दिवशी लसूण फुकट मिळाला. फ्रिजमध्ये आधीचा होताच.

या यशानं डोकं फिरलं आणि मी भिगवणला गेलो. पुण्यात कॅमेरा घेतलेल्या माणसाला भिगवण टळत नाही. उजनी धरणाचं मागचं पाणी, हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, कुंभारगावच्या होड्या आणि पहाटेच्या गारठ्यात झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घालून उभी असलेली पन्नाशीची मंडळी. एकेकाची लेन्स म्हणजे बाजीप्रभूंच्या पावनखिंडीला उपयोगी पडली असती. पूर्वी गोत्र विचारायचे तसं प्रत्येक जण विचारत होता, "किती एमएम?" मी "पंचावन्न" म्हटलं की समोरचा माणूस माझ्या पलीकडच्या पाण्याकडे बघायला लागायचा.

माझ्या फोटोत रोहित आले ते सांडलेल्या केशरी भाताच्या शितांएवढे. होडीवाल्याला दया आली. "साहेब, तुमचं भिंग बारकं हाय. तुम्ही कुरवांचे काढा," म्हणून त्यानं मूठभर फरसाण हवेत धरलं. कुरव असे अंगावर आले की मी एक हात डोक्यावर घेऊन दुसऱ्या हातानं बटण दाबत सुटलो. शंभरेक फोटोंतला एक बरा आला. त्यात पक्ष्याची चोच आहे, एक शेव आहे आणि होडीवाल्याचा खरबरीत अंगठा आहे. नंतर माशाचं जेवण मात्र उत्तम होतं.

तर हे सगळं आत्याच्या कानावर गेलं. वय ७६, कान अजून तल्लख.

"कॅमेरा घेतलास म्हणे. रविवारी ये. माझा एक फोटो काढायचाय."

"काढू की. कशासाठी?"

"पेपरात द्यायला."

"कुठल्या पेपरात?"

"अरे, आतल्या पानावर चौकटीत देतात ना, तो."

मी फोन धरून तसाच उभा. ती मात्र भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "ह्यांच्या वेळी काय झालं, माहीत आहे ना?"

माहीत होतं. आतोबांचा एकट्याचा फोटोच मिळाला नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून मोठं केलं आणि भिंतीवर लावलं. त्यांच्या डाव्या खांद्यावर एक परका हात तसाच राहिलाय. मनगटावर सोनेरी घड्याळ. "जावयाच्या मामाचा आहे तो," आत्या म्हणाली. "वीस वर्षं दसऱ्याला मी त्या हाताला हार घालतेय. मला असलं काही नको."

रविवारी गेलो तर ती जांभळ्या इरकलीत तयार होती. खिडकीशी खुर्ची मांडली, फ्लॅश नको म्हटलं, बाजूनं येणारा सकाळचा उजेड पुरेसा होता. पडदा अर्धा ओढला. चष्म्यावर खिडकी चमकत होती, म्हणून चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायला लावल्या. काच जराशी खाली झुकली आणि खिडकी गेली. हे मी इतक्या सराईतपणे केलं की सुनेनं मला चहाबरोबर बिस्किटं दिली. एरवी नुसता चहा असतो.

"हसू का?" आत्यानं विचारलं.

"हस की."

"हसले तर लोक म्हणतील, सुटली म्हणून हसतेय. नाही हसले तर ही म्हणेल, जातानासुद्धा कपाळाला आठी."

"मी कशाला म्हणेन?" सून स्वयंपाकघरातून.

"बघ. कान कसे आहेत."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. खोली एकदम शांत झाली. समोर आत्या, मागे भिंतीवर आतोबा आणि जावयाच्या मामाचा हात. माझ्या तळव्यांना १९८९ चा घाम फुटला. तेवढ्यात तिनं नजर रोखली.

"रोल भरलायस ना नीट?"

"आत्या, ह्यात रोल नसतो."

"रोल नाहीच?" ती खुर्चीत पुढे झुकली. "मग त्या वेळेपेक्षा वेगळं काय झालं रे मेल्या?"

आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतून सून हसली, मी हसलो आणि हसता हसता बोट दाबलं गेलं. एकदाच. नंतर तिनं नीट बसून, ओठ मिटून, पासपोर्टला बसतात तसे आणखी बारा काढून घेतले. घरी येऊन बघितलं तर ते बाराच्या बारा ठाकठीक होते आणि एकाकडेही बघवत नव्हतं. पहिल्याची नोंद १/६०. माझ्या कोष्टकात माणसासमोर इतका खाली आकडा आजवर नव्हता. पदराचं टोक थोडं हललंय. डोळे लख्ख आहेत.

पुढच्या रविवारी आठ बाय दहाचा प्रिंट घेऊन गेलो. आत्यानं तो बराच वेळ धरला. चष्मा काढून बघितला, घालून बघितला. मग सुनेला शोकेसमधली बाहुली काढायला लावली आणि तिच्या जागी फोटो ठेवला.

"पेपरात द्यायला नाही चालणार हा," ती म्हणाली. "फार जिवंत आलाय."

"मग त्या बारांतला एखादा देऊ का?"

"छे. त्यात मी मेल्यासारखी दिसते." तिनं बाहुली माझ्या हातात दिली. "पेपराचा पुढच्या वर्षी काढू. आणि हे बघ, भजनी मंडळातल्या पाच जणी विचारत होत्या. त्यांना रविवारचं सांगू ना?"