अंगठा घेण्याआधी विचारा

सातपुड्यात सिकलसेलवर, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावर, संशोधन करायला येणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या रुग्णांना नुसत्या संमतीपत्रावरच्या अंगठ्यापुरतं गाठू नका. प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजुरीसाठी एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी त्यांच्यासोबत बसा. क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या नियमांनुसार कमिटीत एक सामान्य नागरिक लागतो हे खरं, पण त्याच्यापुढे कागद येतात ते सगळं ठरून झाल्यावर. शिवाय तो सिकलसेलचं दुखणं सोसलेला असेलच असं नाही.

फॉलोअपचंच, म्हणजे रुग्णाच्या पुढच्या तपासण्यांचंच घ्या. पहिली भेट सप्टेंबरात, मग दर महिन्याला एक. कागदावर छान दिसतं. पण दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला परततात. मग अहवालात येतं, 'रुग्णांचा प्रतिसाद कमी'! गावातल्या कुठल्याही बाईने हे पाच मिनिटांत सांगितलं असतं.

मोजायचं काय, तेही त्यांनाच विचारा. आपण हिमोग्लोबिन मोजतो. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध घेणारा मजूर सांगेल की महिन्यात किती खाडे झाले आणि गोळ्या संपल्यावर पुढच्या मिळेपर्यंत किती दिवस गेले. हे दोन रकाने फॉर्मात हवेतच. रक्त '5 मिली' घेणार म्हणजे एक चमचा, हे चमचा हातात धरून दाखवा. अंगात रक्त कमी आहे असं वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस सुई पाहून बिचकणारच. उरलेल्या नमुन्याचं काय करणार, तेही सांगून टाका.

बैठकीला आठ-दहा जण पुरेत. बायकांची वेगळी घ्या. मुलगी वाहक निघाली, म्हणजे तिच्याकडून आजार मुलांत जाऊ शकतो असं कळलं, की सोयरीक अडते, हे पुरुषांसमोर कुणी बोलत नाही. सरपंच आणि वैद्यकीय अधिकारी खोलीत नकोत, ते असले की नुसत्या माना डोलतात. दुभाषी पावरी-भिली बोलणारा, पण आरोग्य खात्याबाहेरचा हवा. बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं त्याच दिवशी रोख द्या. ही रक्कम बजेटमध्ये सुरुवातीलाच धरा, मागाहून मागितली तर 'हेड नाही', म्हणजे या खर्चाची तरतूदच नाही, हेच उत्तर मिळतं.

ब्रिटनमध्ये 2004 मध्ये सुरू झालेलं जेम्स लिंड अलायन्स रुग्ण, घरची माणसं आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे पहिले दहा प्रश्न ठरवतं. ती पद्धत घ्यावी, प्रश्न मात्र इथलेच हवेत.

धुळे-जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एमडीच्या प्रबंधाच्या आराखड्यात एक रकाना वाढवावा: रुग्णांशी बोलल्यावर काय बदललं? तो कोरा असेल तर आराखडा परत पाठवावा.