महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री? गावोगाव फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

महापालिका निवडणुकांपासून विदर्भातल्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘महापौर हा शहराचा मुख्यमंत्री. आयुक्त त्याच्या हाताखाली. बजेट, ठेके त्याच्याच सहीनं. पेंच धरणाचं पाणी त्यानंच शहरात नेलं. पोलीस, मेडिकलचा सरकारी दवाखाना, कळमन्याचा बाजार सगळे त्याचं ऐकतात. आपला सरपंच त्याच्यापुढे शून्य. नागपुरात काम असेल तर ओळख काढून महापौराची चिठ्ठी आणा.’ यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. त्यावर विसंबून खेड्यातला माणूस एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी घालवतो, म्हणून हे उत्तर.

‘शहराचा मुख्यमंत्री.’ विदर्भात महापालिका चारच: नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर. यवतमाळ, वर्धा, गोंदियाला नगरपरिषद आहे, तिथे महापौर नसतोच, नगराध्यक्ष असतो. या चारही महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. त्यातलं कलम ६७ सांगतं की कायदा राबवण्याचा संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहे. जिथे कायद्यानेच स्थायी समितीची (नगरसेवकांच्या छोट्या समितीची) किंवा सभागृहाची (सगळ्या नगरसेवकांच्या सभेची) मंजुरी मागितली आहे, तिथे ती घ्यायची, एवढंच बंधन. महापौराकडे एकही खातं नसतं. त्याला जनता थेट निवडतही नाही. नगरसेवक आपल्यातूनच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर करतात. नागपुरात नगरसेवक १५१, म्हणजे ७६ जण ज्याच्या बाजूला तो महापौर. पद कोणत्या प्रवर्गाला जाणार, याची सोडतही नगरविकास विभाग मुंबईत काढतो.

हा गैरसमज आला कुठून, हेही सांगायला हवं. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात छिंदवाड्याचा महापौर थेट लोकांतून निवडला जातो आणि त्याच्या सोबतीला मंत्रिमंडळासारखी महापौर परिषद असते. नागपूर आणि मुंबईतही १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला होता. देवेंद्र फडणवीस तेव्हा नागपूरचे महापौर होते. तो प्रयोग लवकरच गुंडाळला गेला आणि आयुक्ताकडे कारभार देणारी जुनी पद्धत परत आली. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि पालिकांना घटनेत जागा मिळाली खरी, पण महापौराला किती अधिकार द्यायचे, हे राज्याच्या कायद्यावर सोडलं. आमच्या मते महाराष्ट्राने तिथे हात फारच आखडता घेतला आहे. शहराचा पहिला नागरिक म्हणायचं आणि अधिकार द्यायचे नाहीत, हे मतदारावर अन्याय करणारं आहे.

‘आयुक्त त्याच्या हाताखाली.’ आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करतं आणि बदलीही तेच करतं. सभागृहाला आयुक्त नको असेल तर एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश मतं लागतात. नागपुरात हा आकडा ९५ होतो. एवढं जमूनही काम होतंच असं नाही. २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला, तरी सरकारने त्यांना लगेच हटवलं नाही. बदली झाली ती पुढच्या वर्षी. तेच मुंढे २०२० मध्ये नागपुरात आयुक्त म्हणून आले. महापौर संदीप जोशी आणि त्यांच्यातला वाद सभागृहात गाजला, पण बदलीचा आदेश राज्य सरकारचाच निघाला. शिवाय सभागृहाने केलेला ठराव कलम ४५१ खाली राज्य सरकार स्थगित किंवा रद्द करू शकतं.

सगळ्यात ठळक पुरावा अलीकडचाच आहे. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथे महापौरच नव्हता. आयुक्त हेच प्रशासक होते. नळ, कचरा, मालमत्ता कर सगळं चालू राहिलं. बंद पडलं ते सभागृह, म्हणजे लोकांच्या वतीने आयुक्ताला जाब विचारण्याची जागा.

आणि महापौराचं खरं काम याच सभागृहातलं. सभा बोलावणं, चालवणं, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देणं. सभागृहात महापौर ‘निर्देश’ देतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक बातमी येते. फाइल मात्र ठरावाने किंवा आयुक्ताच्या आदेशानेच हलते. नुसत्या तोंडी निर्देशाला कायद्याचं बळ नसतं.

‘बजेट, ठेके त्याच्या सहीनं.’ अंदाजपत्रक आयुक्त तयार करतो, ते १६ सदस्यांच्या स्थायी समितीकडे जातं आणि तिथून सभागृहात. मोठ्या ठेक्यांची मंजुरीही स्थायी समितीची. त्या समितीचा सभापती वेगळा निवडला जातो, म्हणूनच त्या खुर्चीसाठी इतकी ओढाताण होते.

‘पेंचचं पाणी त्यानंच नेलं.’ हा आरोप पारशिवनी, रामटेक, मौद्याच्या शेतकऱ्यांच्या जिव्हारी लागणारा आहे, आणि त्यांचा राग खोटा नाही. पण रोख चुकला आहे. धरणातलं कोणतं पाणी पिण्याला, कोणतं उद्योगाला, कोणतं सिंचनाला, हे राज्य सरकार आणि त्याचा जलसंपदा विभाग ठरवतो. महापालिका तिथे मागणी करणारी एक ग्राहक आहे. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यावर पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं. २०१९ मध्ये तर नागपूरलाच पाणीकपात सोसावी लागली. कालव्याचं पाणी कधी आणि किती सोडायचं, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. पाणीवापर संस्थेचा लेखी अर्ज रब्बीच्या बैठकीआधी पाटबंधारे शाखेत पोहोचला पाहिजे. महापौराच्या बंगल्यासमोर मोर्चा नेऊन पाळी मिळणार नाही.

‘सगळे त्याचं ऐकतात.’ पोलीस गृहखात्याचे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची, कळमन्याचा बाजार बाजार समितीचा. नागपूरच्या भोवतालच्या सातशेहून अधिक गावांत ले-आउटची मंजुरी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. प्लॉट घेताना ‘महापौराच्या ओळखीनं नियमित करून देतो’ असं कुणी म्हटलं, तर इसार देऊ नका.

‘चिठ्ठी आणा.’ खेड्यातल्या माणसाचं नागपूर महापालिकेत पडणारं नेहमीचं काम म्हणजे जन्मदाखला. बाळ जिथे जन्मलं तिथेच नोंद होते. बाळंतपण नागपुरात झालं तर दाखला तिथल्या झोन कार्यालयातून, गावच्या ग्रामपंचायतीतून नाही. झोन दहा आहेत. दवाखाना कोणत्या झोनमध्ये येतो, हे सुट्टी घेतानाच विचारून घ्या. नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. त्यानंतर, जन्मापासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. घोळ बहुतेक वेळा नावात होतो. माहेरी आलेल्या बाईचं नाव भरतीच्या कागदावर माहेरच्या आडनावाने लागतं, आधारवर सासरचं असतं, आणि शाळेत दाखला अडतो. दवाखान्यातला फॉर्म भरताना आधार समोर ठेवून आई-वडिलांची नावं अक्षर न् अक्षर जुळवा. तरीही चूक झालीच तर दुरुस्ती जन्म-मृत्यू निबंधक करतो, कागद बघून. तिथे महापौराच्या चिठ्ठीचा उपयोग नाही.

‘सरपंच शून्य.’ इथे तर मेसेजने वस्तुस्थिती पार उलटी केली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३८ नुसार पंचायतीचा कार्यकारी अधिकार सरपंचाकडे आहे. महापौराला जे कायद्याने दिलं नाही, ते गावच्या सरपंचाला दिलं आहे. शिवाय आज सरपंच थेट गावाने निवडलेला असतो. अर्थात तोही मनमानी करू शकत नाही. खर्चाला मासिक सभेचा ठराव लागतो, आणि वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय होत नाही. अडचण अशी की बऱ्याच गावांत सरपंचाच्या डिजिटल सहीचं डोंगल (पेनड्राइव्हसारखं यंत्र) आणि पासवर्ड दुसऱ्याच्याच कपाटात असतात, आणि सरपंचबाईंना पैसे गेल्याचं बिल आल्यावर कळतं. ते डोंगल स्वतःकडे ठेवा, पासवर्ड बदला, आणि ठरावाची प्रत व कामाचं मोजमाप हातात आल्याशिवाय सही करू नका.