भुताच्या नावावर

कोकणातलं जुनं घर आणि त्यात काहीतरी भयंकर असं पडद्यावर आलं, की गावाकडे वाद ठरलेला. २०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातून ओरड झालीच: कोकणची बदनामी, अंधश्रद्धेला खतपाणी. दुसरी बाजू म्हणते, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. दोन्हीकडचे भांडतात भुतावरून. मेलबर्नमध्ये बसून हे वाचताना मला मात्र प्रश्न भावकीचा वाटतो.

इथे ऑस्ट्रेलियात बनलेला 'रेलिक' (२०२०) हा भयपट पाहा. एकटी राहणारी आजी बेपत्ता होते, मुलगी आणि नात शोधायला येतात. काही दिवसांनी आजी परतते, पण कुठे होती ते सांगत नाही. घरभर तिने स्वतःसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या, भिंतींवर काळी बुरशी. ही आजी मायेने नातीला अंगठी देते आणि पुढे तिच्यावरच चोरीचा आळ घेते. दिग्दर्शिका नॅटली एरिका जेम्स यांना हा विषय अल्झायमर झालेल्या स्वतःच्या आजीवरून सुचला. पाटल्या सुनेने लपवल्या म्हणणारी म्हातारी आपल्याकडे कुठल्या घरात नव्हती? (बुरशीबद्दल तर आम्ही बोलायलाच नको, श्रावणात कपाटातल्या चपलाही हिरव्या होतात.)

फरक पुढे पडतो. आमच्याकडे गडग्यावर कुंकू फासलेलं लिंबू दिसलं की तोंडाने 'कोणी तरी काय तरी केल्यानी', आणि डोळे पलीकडच्या चुलत्याच्या पडवीकडे. नाव कोणी घेत नाही. सातबाऱ्यावर पणज्यापासूनची नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत, कलमांचे पैसे कोणाकडे जातात हे तोंडावर विचारायची सोय नाही. मग देवळात गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा, देवचार, म्हणजे गावचा राखणदार, कोपलाय म्हणायचं. सगळं त्याच्या खाती टाकलं की चतुर्थीला हेच भाऊ पुन्हा एका पंगतीत बसतात. या सोयीला मी हसणार नाही. इथे परदेशात ती नसते. घरात माणसं तीन, शेजारी कोण ते माहीत नाही, संशय आला तर जेवणाच्या टेबलावर समोर बसलेल्यावरच.

आणि लांब राहणाऱ्याचा संशय तर वेगळाच. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना फोन भावाच्या हातात असतो. कॅमेरा किती फिरवायचा ते तोच ठरवतो. आई 'बरी आसंय' म्हणते आणि म्हणताना एकदा त्याच्याकडे बघते. बस, एवढ्यावर माझी झोप जाते. वास्तविक तिची औषधं, डॉक्टर, सगळं तोच बघतो.

'तुंबाड' (२०१८) हा सिनेमा घरच्याच माणसाच्या या भीतीजवळ आला होता. त्यात मला हस्तर या हावऱ्या राक्षसापेक्षा पोटच्या पोराला हव्यासाचं शिक्षण देणारा बाप जास्त भिववतो. लोकांच्या लक्षात मात्र हस्तर राहिला. भूत असलं की प्रेक्षकालाही सुटका मिळते.

मध्ये वेंगुर्ल्याच्या चुलतभावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग तुका कसलो सिनेमा होयो? मी म्हटलं, मे महिना आहे, आंबा उतरलाय, मुंबईचा भाऊ हिशेब मागायला आलाय, आणि आई कोणाच्या बाजूची ते दोघांनाही कळत नाही. भूतबित काही नको.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ह्या तू कोणाबद्दल सांगतंस?"