सामूची समजूत

माती किंवा पाणी किती आंबट आहे ते सांगणारा अंक म्हणजे पीएच, मराठीत त्याला 'सामू' म्हणतात. नाव ऐकलं की लांबचा आतेभाऊ डोळ्यांपुढे येतो. कार्याला वेळेवर येतो, कुणी काही बोललेलं नसताना रुसतो, आणि कशावरून रुसला ते पंगत उठेपर्यंत सांगत नाही. कुंडीतल्या सामूचंही तसंच. तो रुसलाय हे कळतं ते अनंताच्या झाडाच्या पालवीवरून. नवी पानं पिवळट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जणू पानावर कुणी हिरव्या शाईने नद्यांचा नकाशा काढलाय. मग इंदूरच्या कुठल्याही मराठी घराच्या गच्चीवर समजूत काढणाऱ्यांची रांग लागते. काकू आंबट ताक आणतात, आजोबा गंजके खिळे, शेजारच्या वहिनी चहाचा चोथा. माळीदादा जिन्यातूनच सांगतो, "भिया, खाद डाल दो, सब ठीक हो जाएगा."

खाद घालण्याआधी पिवळी पानं कुठली आहेत एवढं तरी बघावं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तर बहुधा नत्र कमी. जुन्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून उठत नाही, जुनं पान नव्याला उसनं देत नाही. आणि सगळंच झाड पिवळं पडून कुंडीला कुबट वास येत असेल तर सामूला उगाच मध्ये ओढू नका, पाणी जास्त झालंय.

गंमत अशी की लोह कुंडीत हवं तेवढं असतं. कोठार भरलेलं आहे, फक्त किल्ली सामूच्या कनवटीला. तो एका अंकाने वर चढला की मातीतलं विरघळणारं लोह सुमारे हजारपटीने घटतं. आजोबांच्या गंजक्या खिळ्यांनी कोठारात आणखी भर पडते, किल्ली काही हाती येत नाही.

हा अंक मुळात कुंडीसाठी जन्मलाच नव्हता. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ही मोजपट्टी आणली, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या छत्राखाली. तो मोजायचं सुटसुटीत यंत्र अमेरिकेत अर्नॉल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये बनवलं ते लिंबाच्या रसाचा आंबटपणा बघायला. मोजपट्टी ० ते १४, मधे ७ म्हणजे ना आंबट ना तुरट, त्याखाली आंबट. पण तिची प्रत्येक पायरी दहापट आहे. ८ वरून ६ वर येणं म्हणजे दोन पायऱ्या उतरणं नव्हे, शंभरपट आंबट होणं. पोह्यांवर लिंबू पिळून वाढलेल्या आपल्या गावाला हे पटायला जड जातं. आपल्याला वाटतं, कुंडीवर पण पिळलं की झालं.

आता मालव्याची बाजू बघू. आपलं पठार बेसाल्ट खडकाचं, वर काळी माती, तीत चुनखडीचे खडे. तिचा सामू साधारण ७.५ ते ८.५. अनंताला ५ ते ६ हवा. गुलाब, जास्वंद आणि लिंबू ६ ते ६.५ वर खूश. ही मंडळी काळ्या मातीत लावणं म्हणजे आंबट वरणाची सवय असलेल्या पाहुण्याला रोज साखरेचा पाक वाढणं. तुमच्या मातीत मोकळा चुना किती आहे हे बघायचं असेल तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली, तर सामू उतरवायला गंधक विकत घेऊ नका.

का नको, याचा हिशोब करूनच टाकू. १ किलो गंधक साधारण ३ किलो चुना खातो. कुंडीत १० किलो माती आणि तीत २ टक्के चुना धरला तर २०० ग्रॅम चुना झाला, आणि तो संपवायला ६५ ग्रॅमच्या आसपास गंधक हवं. तेही लगेच नाही. गंधकाचं आम्ल करणारे जिवाणू ऊब आणि ओल मिळाल्यावर दोन-तीन महिने आपल्या सवडीने काम करतात. आपण टाकतो एक चमचा आणि आठव्या दिवशी पानं उलटून बघतो. दर्या में खसखस. माती फसफसली नाही तर मात्र १२ इंची कुंडीला ४-५ ग्रॅम गंधकाची भुकटी वरच्या दोन इंचांत मिसळा आणि पुढचे दोन महिने तिच्याकडे संशयाने बघू नका. फसफसली तर माती बदला. एवढा साधा उपाय कुणालाच आवडत नाही, कारण त्यात बाटली नसते.

मातीपेक्षा खरा खट्याळ आहे तो पाण्यात. नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर चढून आलेली नर्मदा एक दिवसाआड नळाला येते, उरलेल्या दिवशी बोअर, आणि दोघांचा संगम गच्चीवरच्या काळ्या टाकीत. कुठल्या दिवशी कोण किती, ते टाकीलाही सांगता येणार नाही. दोन्ही पाण्यांचा सामू मोजला तर फार फरक दिसत नाही, दोघं ८ च्या आसपास. म्हणून लोक म्हणतात, पाणी सारखंच. तिथेच फसगत होते. सामू म्हणजे पाण्याचा आत्ताचा मूड. बघायचा असतो तो त्याचा हट्ट. शास्त्रात या हट्टाला अल्कता म्हणतात, आणि तो पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येतो. मवाळ पाण्याला थोडं आंबट दाखवलं की लगेच ऐकतं. बोअरचं पाणी तुमचं आम्ल गिळून पुन्हा ८ वर येऊन बसतं. रोज रोज असं पाणी घातलं की प्रत्येक तांब्याबरोबर थोडा चुना कुंडीत उतरतो. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरं पोपडं येतं, ते याचंच पासबुक.

हट्ट मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात 'केएच' म्हणजे याच अल्कतेच्या चाचणीची छोटी बाटली मिळते. ५ मिली पाणी घ्या, थेंब थेंब टाका आणि मोजा. निळा रंग पिवळा झाला की थांबा. एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम अल्कता. १७ थेंब लागले तर अल्कता ३०० च्या घरात. आंबटप्रेमी झाडांना ५० ते ८० पुरे.

इतक्या हट्टी पाण्याच्या १० लिटरच्या बादलीला सुमारे ४ ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. किराणा दुकानात 'नींबू सत' म्हणून मागा. 'टाटरी' म्हटलंत तर दुकानदार काय देईल ते त्याच्या मनावर, पुडीवर सायट्रिक अ‍ॅसिड लिहिलंय ना तेवढं वाचा. निम्मं आधी टाका, ढवळा, मोजा, मग उरलेलं. बुडबुडे दिसले तर घाबरू नका, तो कार्बन डायऑक्साइड निघतोय. तो रात्रभरात आणखी निघून जातो आणि सामू थोडा वर सरकतो, तेव्हा शेवटचं माप सकाळी. ६ ते ६.५ आला की हात आवरा. ५ च्या खाली नेण्यात शौर्य नाही, मुळं भाजतात.

आणि इथेच काकूंच्या ताकाचं गुपित उघडतं. ताक, लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्त्व, ही सगळी सेंद्रिय आम्लं. जिवाणू ती आनंदाने खातात, आणि खाऊन झाल्यावर मागे उरतं ते पुन्हा बायकार्बोनेट. उधारी फेडायला उधार घेण्याचा प्रकार. म्हणून ती चार दिवस बरं वाटायला ठीक, आणि प्रत्येक बादलीत पुन्हा घालावी लागतात. हायड्रोपोनिक्सवाले, म्हणजे मातीशिवाय पाण्यात झाडं वाढवणारे, 'पीएच डाउन' म्हणून जे विकतात, त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं. ते टिकतं, पण थेंबांनी मोजायचं, हातमोजे घालून. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. गॅरेजमधलं बॅटरीचं आम्ल गच्चीवर आणू नका, काटकसरीच्या नावाखालीसुद्धा नाही. कढीपत्त्याला ताक घालणं मात्र चालू राहू दे. त्याने कढीपत्ता सुधारतो की नाही यावर वाद घातला तर घरातलं वातावरणच आम्लधर्मी होतं.

मोजायच्या साधनांबद्दल थोडं कडक बोलतो. दोन दांड्यांचं, बिनबॅटरीचं, 'थ्री इन वन' मीटर कुंडीत खुपसलं की काटा ७ जवळ येतो. ओली माती असो, कोरडी असो, त्याचं उत्तर ठरलेलं. ते मातीतून वीज किती वाहते एवढंच बघतं आणि सामूच्या नावाने खपवतं. ते परत करा. कागदी पट्ट्या स्वस्त आहेत, पण रंग मोरपंखी की शेवाळी यावर घरात दोन पक्ष पडतात. हळदीचा कागदही चालतो म्हणे, पण हळद लाल व्हायला सामू ८.५ च्या आसपास लागतो. म्हणूनच चुना घातला की हळदीचं कुंकू होतं. कागद लाल झाला तर प्रकरण हाताबाहेर गेलंय, पिवळा राहिला तर काहीच कळलं नाही. कुंपणावरच्या गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकून निळा अर्क केला तर तो लिंबाने जांभळा आणि सोड्याने हिरवा होतो. मुलांना दाखवायला छान, अनंताच्या पोटापाण्यासाठी कच्चा.

काचेच्या टोकाचं पेनासारखं मीटर घ्या, त्याच्याबरोबर ४ आणि ७ (किंवा ६.८६) च्या बफरच्या, म्हणजे ठरलेल्या सामूचं द्रावण करायच्या, पुड्या येतात. पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. हे पाणी पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं, आम्लाची बाटली नव्हे ना, बघून घ्या. महिन्यातून एकदा मीटर या दोन द्रावणांत बुडवून जुळवून घ्या. बहुतेक मीटर बिघडत नाहीत, वाळतात. काचेचं टोक कोरडं पडू देऊ नये, आणि डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नये. टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असतं, ते सांडलं की पुन्हा भरावं. मातीसाठी कुंडीच्या ३-४ इंच आतली २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळणं, मग मीटर. ज्यांना झाड उकरायचं नाही त्यांनी नेहमीसारखं पाणी घालावं, तासाभराने १०० मिली डिस्टिल्ड पाणी वरून ओतावं, आणि खालच्या बशीत आलेलं मोजावं.

पानं आत्ताच पिवळी आहेत आणि सासूबाई आत्ताच विचारताहेत, अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूच्या पकडीत धरलेलं लोह. पण कोणतं? ही पकड ज्याची, त्यावरून नाव. ईडीटीएवालं सामू ६.५ च्या पुढे गेला की लोह सोडून देतं आणि डीटीपीएवालं ७.५ पर्यंत तग धरतं. मालव्याच्या मातीला लागतं ईडीडीएचए. महाग, रंगाने गडद लाल, आणि गच्चीच्या फरशीवर सांडलं तर कुंकवाची वाटी उपडी झाल्यासारखं. लिटरला १ ग्रॅम, ओल्या मातीत, संध्याकाळी. नवी पालवी दोन-तीन आठवड्यांत हिरवी येते, जुनी पिवळीच राहते. स्वस्तात हवं तर हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व १ ग्रॅम प्रति लिटर, पानांवर फवारा, ऊन उतरल्यावर. मातीत हिराकस घालाल तर पुन्हा तेच, कोठारात भर.

आपल्या गावाला कंपोस्ट शिकवायला जाऊ नये. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथे बसून जी पद्धत घडवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच गेली. पण त्यांच्या ढिगात राख आणि चुना मुद्दाम असायचे, ढीग आंबू नये म्हणून. आपण घरच्या बादलीत अंड्याची टरफलं, चुलीची राख आणि देवघरातली उदबत्तीची रक्षा उदार मनाने टाकतो, आणि तेच खत अनंताला भरवतो. खताचा सामू तसाही ७ ते ८. शेवग्याला, डाळिंबाला, सदाफुलीला घाला, ती कुरकुरत नाहीत. अनंतासाठी ४ भाग कोकोपीट, २ भाग पानांचं कुजलेलं खत, १ भाग गांडूळखत, १ भाग पर्लाइट आणि मूठभर निंबोळी पेंड. काळी माती शून्य. कोकोपीट आधी दोनदा पाण्यात बुडवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. ५ किलोची वीट भिजून ६०-७० लिटर होते, तेव्हा ती न्हाणीघरात भिजवू नका. वाळू घ्यायची झाली तर तिलाही व्हिनेगरची परीक्षा द्यायला लावा. खत म्हणून अमोनियम सल्फेट लिटरला १ ग्रॅम, पंधरवड्याला. ते हळूहळू, न बोलता सामू खाली आणतं.

हे सगळं नीट करून लोक कुंडी सिमेंटची घेतात. नवी सिमेंटची कुंडी महिनोन्महिने चुना सोडते. तळाला निचऱ्यासाठी घालतात ते तुकडेही प्लास्टर लागलेल्या विटांचे. आधी तीन आठवडे कुंडी पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, किंवा सरळ मातीची घ्या.

उरलं फुकटचं पाणी. आरओचं वाया जाणारं पाणी पुण्य म्हणून कुंडीत घालू नका, त्यात क्षार दाटून आलेले असतात. कूलरच्या टाकीतलं त्याहून वाईट. दिवसभर पाणी उडतं, क्षार टाकीत राहतात, आणि संध्याकाळी आपण तेच झाडांना प्रसाद म्हणून देतो. एसीच्या नळीतलं पाणी उत्तम, हट्ट जवळजवळ शून्य. पण मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी की एसी दिवसभरात बादलीचा तळ झाकेल इतकंच गाळतो. पाऊस सुरू झाला की मग नळी नळासारखी वाहते, आणि तेव्हा तिची गरज नसते. पावसाचं पाणी ५.६ च्या आसपास, हट्ट नावाला नाही. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊ द्या, मग पिंप लावा, झाकण ठेवा, डास होतील. २०० लिटरचं एक पिंप अनंताच्या दोन कुंड्यांना दिवाळीच्या पुढे नेतं. बाकीच्या झाडांना ते मिळणार नाही, हे त्यांच्यासमोर बोलू नका.