आल्याच्या रसाने कोलायटिसच्या गोळ्या सुटत नाहीत

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे आजार तिथल्या वाईट जिवाणूंमुळे होतात. आल्यातले मायक्रोआरएनए (जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारे छोटे आरएनए रेणू) हे जिवाणू मारतात, या शोधाला नोबेल मिळालंय. तेव्हा रोज उपाशीपोटी आल्याचा रस ताकातून घ्या आणि गोळ्या बंद करा. मी नौपाड्यात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मेसेजमध्ये खऱ्या संशोधनाचे तुकडे पेरलेत, म्हणूनच तो लोकांना पटतो आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

आधी नोबेल. 2024 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्कुन यांना मायक्रोआरएनएसाठीच मिळालं. पण तो शोध मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत लागला, 1993 मध्ये. त्यात आलंही नव्हतं आणि कोलायटिसही.

आल्याचा प्रयोग मात्र खरोखर झालाय. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात अमेरिकेतल्या संशोधकांनी आल्याच्या रसातून अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, वेगळ्या काढून उंदरांना दिल्या. त्यांतले छोटे आरएनए लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूत शिरले. त्यामुळे त्याने एक रसायन जास्त बनवलं, त्यातून आतड्याच्या अस्तराचं संरक्षण वाढलं आणि उंदरांचा कोलायटिस कमी झाला. म्हणजे इथे एका उपयोगी जिवाणूला बळ मिळालं, आणि मेसेज म्हणतो जिवाणू मारा! शिवाय त्या पुटिका शुद्ध करून, मोजून दिल्या होत्या. घरी किसून पिळलेल्या चमचाभर रसाने माणसाचा कोलायटिस बरा होतो, असं त्या प्रयोगातून निघत नाही.

वाईट जिवाणूंचा मुद्दा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. आपल्या आतड्याच्या पेशी स्वतःच मायक्रोआरएनए बनवतात आणि ते शौचातही सापडतात. 2016 मध्ये बोस्टनच्या एका गटाने दाखवलं, की हे आरएनए जिवाणूंच्या आत शिरून त्यांच्या जनुकांच्या कामात आणि वाढीत फरक करतात. ज्या उंदरांच्या आतड्याच्या अस्तरात ते बनूच शकत नव्हते, त्यांच्या जिवाणूंची घडी विस्कटली आणि कोलायटिस जास्त बळावला. निरोगी उंदरांच्या विष्ठेतले आरएनए दिल्यावर तो पुन्हा आटोक्यात आला. म्हणजे शरीर जिवाणूंना सांभाळत असतं, आणि जिवाणूही शरीराला सांभाळतात. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांत फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय हा दाह कमी करणारा जिवाणू घटलेला आढळतो. तिथे मारायचं कोणाला? आजारामागे आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती आणि परिसर हेही आहेतच.

ताक सोसत असेल तर खुशाल प्या. त्यावर वाद नाही.

गोळ्यांबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. मध्यंतरी एक तरुण मेसालामाइनच्या, म्हणजे कोलायटिसचा दाह आटोक्यात ठेवणाऱ्या गोळीच्या, न फोडलेल्या स्ट्रिप बिलासकट घेऊन काउंटरवर आला. "मॅडम, या परत घ्या. आता रक्त पडत नाही, बरं वाटतंय. रस सुरू केलाय." अरे, बरं वाटतंय ते याच गोळ्यांनी! लक्षणं गेली तरी आजार दबून बसलेला असतो आणि गोळी सोडली की तो उलटण्याचा धोका वाढतो. स्ट्रिप मी परत घेतल्या नाहीत, त्याच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावायला लावला. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर धोका याहून मोठा. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणं मंदावतं. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्यानेच उतरवायची असते.

ज्यांचं अजून निदानच झालेलं नाही, त्यांनी तर या रसावर एक दिवसही घालवू नये. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात, की कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) करूनही डॉक्टरांना कधीकधी पेच पडतो. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो पसरू शकतो. शौचातून रक्त, आठवडेच्या आठवडे जुलाब, वजन उतरणं, रात्री पोटदुखीने जाग येणं, यांपैकी काहीही असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा.