पी म्हणजे र, एच म्हणजे न

रशियन अक्षरं एकूण 33. मॉस्कोला येण्याआधी वाटायचं, ती चित्रविचित्र दिसणारीच छळणार. कसलं काय! सहा पायांच्या किड्यासारखं दिसणारं झ एकदा बघितलं की विसरायची सोय नाही. छळतात ती ओळखीचे चेहरे घेऊन बसलेली. पी दिसला तर र वाचायचा, बी म्हणजे व, एच म्हणजे न, सी कायम स, एक्स म्हणजे ख आणि वाय म्हणजे चक्क उ. शाळेत छड्या खाऊन पाठ केलेली एबीसीडी इथे पार उलटी. दारावर 'पेक्टोपाह' लिहिलंय, आत लोक जेवतायत, ते रेस्तोरान असतं!

दुकानात तर विचारूच नका. पाण्यासारखी स्वच्छ बाटली, त्यावर वाय-के-सी-वाय-सी, हे उक्सुस, म्हणजे 9 टक्क्यांचं व्हिनेगर, तहान लागलेल्या माणसाने आधी नीट वाचावं. सी-ए-एक्स-ए-पी मात्र जोडत जोडत वाचलं आणि साखर निघाली, खरोखर साखरच, मी तिथल्या तिथे हसले.

मी शाकाहारी, त्यामुळे पाकीट उलटून 'सोस्ताव' म्हणजे घटकांची यादी वाचणं आलंच. आपल्याकडे हिरवा ठिपका बघितला की विषय संपला. इथे मुंगीएवढ्या अक्षरांत 'झेलातिन' शोधा, 'स्विनिना' म्हणजे डुकराचं मांस शोधा, आणि 'गव्यादिना' वाचून पंचगव्य आठवलं तरी हात मागे घ्या, ते बीफ असतं.

सगळ्यात वैताग दुधाच्या फ्रीजपाशी. तिथे नक्षीदार तिरकी अक्षरं छापायची हौस, आणि तिरकं झालं की त दिसतो एमसारखा, प दिसतो एनसारखा. (हे कुणी ठरवलं, त्याला माझ्यासमोर आणा.) आकडे तेवढे आपले वाटतात, पण दुधावर 3,2 टक्के फॅट, केफिर म्हणजे ताकासारखं आंबवलेलं दूध, त्यावरही 3,2 टक्के, वर पॉइंटच्या जागी स्वल्पविराम. मोबाईलचा कॅमेरा धरावा तर पिशवी चुरगळलेली, भाषांतर थरथरतंय, आणि मागे ट्रॉलीवाली बाबुश्का, म्हणजे आजीबाई, उसासे टाकतेय.

शेवटी तिनेच पिशवी हातातून काढून घेतली, मी बहिरी असल्यासारखं मोठ्याने 'के-फिर' म्हणाली, परत ठेवली, आणि तिच्या मते चांगलं असलेलं दुसरं केफिर माझ्या बास्केटमध्ये टाकलं. मला दूध हवं होतं हो! पण बाबुश्काशी वाद कोण घालणार, रात्री कढी केली, नवऱ्याने दोनदा घेतली.